रॅपर गेला, गाणी येतच आहेत

सिद्धू मूसेवाला २९ मे २०२२ रोजी पंजाबातल्या जवाहरके गावात मारला गेला. तेव्हापासून त्याची नवी गाणी येतच आहेत. एखादं गुरुपर्वाला येतं, एखादं दिवाळीला, एखादं त्याच्या वाढदिवशी. पुणे–सोलापूर हमरस्त्यावर, आमच्या इंदापूर तालुक्यातल्या डाळजसारख्या गावात, ही बातमी वर्तमानपत्रातून कळत नाही. उसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरवरच्या टेपमधून कळते. बैलगाडा शर्यतीची गाणी, भीमगीतं आणि पंजाबी रॅप एकाच पेनड्राइव्हवर असतात. त्यातलं कोणतं गाणं ‘भाऊ असतानाचं’ आणि कोणतं ‘भाऊ गेल्यानंतरचं’, हे स्टिअरिंगवरच्या पोराला बहुधा पक्कं ठाऊक असतं.

हा फरक त्याला का महत्त्वाचा वाटतो, हाच या आढाव्याचा विषय आहे. रॅपर गेल्यावर त्याच्या नावानं गाणी आणि अल्बम काढावेत का, कुणी काढावेत, त्यात किती भर घालावी आणि श्रोत्यांनी आजवर हे कसं स्वीकारलं, यावर जवळजवळ तीस वर्षं वाद चालू आहे. तो सुरू अमेरिकेत झाला. २०२२ नंतर आपल्याही दारात आला.

चार वेगवेगळ्या गोष्टी

‘मरणोत्तर अल्बम’ म्हणून चार निरनिराळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकल्या जातात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. पहिली गोष्ट, जुन्या प्रसिद्ध गाण्यांचं पुनःप्रकाशन. प्रल्हाद शिंदे २००४ मध्ये गेले, पण त्यांची गाणी आजही नव्या वेष्टनात निघतात. ते मरणोत्तर काम नव्हे, तो जुना साठाच आहे. दुसरी, कलावंतानं स्वतः पूर्ण केलेला आणि केवळ प्रकाशनाची तारीख मृत्यूनंतर पडलेला अल्बम. तिसरी, अर्धवट राहिलेलं काम जवळच्या माणसानं ठरलेल्या बेताप्रमाणे पुरं करणं. चौथी म्हणजे सुट्या ओळी, जुने डेमो आणि दुसऱ्यांच्या गाण्यात म्हणायला ठेवलेले तुकडे एकत्र शिवून केलेली गोधडी.

श्रोत्यांचा राग जवळजवळ नेहमी चौथ्या प्रकारावर असतो. पण वेष्टनावर चारही सारखेच दिसतात.

रॅपमध्येच इतकं का

गायक तर सगळ्याच प्रकारांत जातात. मग मृत्यूनंतर अल्बमांची अशी रांग रॅपमध्येच का लागते? कारण बरंचसं तांत्रिक आहे. ख्याल गाणारा गायक तानपुरा, तबला आणि पेटीसोबत एका बैठकीत गातो. त्याचा आवाज त्या बैठकीतून सुटा काढणं अवघड, आणि काढलाच तर त्याला अर्थ उरत नाही. रॅपचं तसं नाही. बीट आधी तयार असते, रॅपर माइकसमोर आपली व्हर्स, म्हणजे कडवं, म्हणतो, आणि आवाजाची ती पट्टी संगणकात वेगळी पडून राहते. उद्या तीच व्हर्स दुसऱ्या बीटवर, दुसऱ्या हुकसोबत (ध्रुवपदासोबत), वेग थोडा कमी-जास्त करून बसवता येते. सोळा बारचा एक तुकडा म्हणजे स्वतंत्र, हलवता येणारा माल.

त्यात या मंडळींची कामाची सवय. रात्रभर स्टुडिओत बसून तीन-चार गाणी मारायची, त्यातलं एखादं निवडायचं, बाकीची हार्डडिस्कवर ठेवून द्यायची. मित्राच्या गाण्यात फीचर म्हणून एक व्हर्स द्यायची, मित्रानं ते गाणं वर्षभर काढायचंच नाही. असा कलावंत विशी-पंचविशीत अचानक गेला की मागे शेकडो तुकडे राहतात आणि ते दहा जणांच्या लॅपटॉपवर विखुरलेले असतात. ज्याच्याकडे तुकडा आहे, त्याच्याकडे गाणं काढण्याची शक्यता आहे.

अमेरिकेतला इतिहास

टुपाक शकूर १३ सप्टेंबर १९९६ रोजी लास व्हेगासला गेला. ‘द डॉन किलुमिनाटी: द सेव्हन डे थिअरी’ हा त्याचा अल्बम ‘मकावेली’ या नावानं ५ नोव्हेंबरला आला. तो त्यानं ऑगस्टमध्येच पुरा केला होता, म्हणून त्याच्या अस्सलपणाबद्दल वाद झाला नाही. वाद झाला तो वेगळाच: टुपाक जिवंत आहे, ही आवई त्या नव्या नावातून आणि मुखपृष्ठातून उठली आणि ती अजून पुरती बसलेली नाही. त्यानंतर आई अफेनी शकूर यांच्या देखरेखीखाली एकामागून एक अल्बम निघाले. हिशेब असा की त्याच्या हयातीत चार एकल अल्बम आले आणि मृत्यूनंतर सहा.

यातला २००४ चा ‘लॉयल टू द गेम’ हा या वादातला मैलाचा दगड म्हणावा लागेल. रॅपर एमिनेमनं तो केला. टुपाकच्या आवाजाचा वेग आणि पट्टी बदलली, आणि शब्द तोडून-जोडून त्याच्या तोंडी अशी नावं घातली जी त्याच्या हयातीत कुणाला माहीतही नव्हती. एमिनेमचा हेतू आदराचाच होता, यावर फारसं दुमत नाही. पण मेलेल्या माणसाकडून नवं वाक्य वदवून घ्यायचं की नाही, हा प्रश्न तिथे उघडपणे पुढे आला. कृत्रिम बुद्धिमत्तेचं नावही तेव्हा कुणी घेत नव्हतं; सगळं काम कात्री आणि डिंकाचंच होतं.

नोटोरियस बी.आय.जी. ९ मार्च १९९७ रोजी गेला आणि त्याचा ‘लाइफ आफ्टर डेथ’ सोळा दिवसांनी आला. अल्बम पुरा तयार होता, नावही त्यानंच ठरवलेलं. श्रोत्यांनी तो डोक्यावर घेतला. १९९९ चा ‘बॉर्न अगेन’ आणि २००५ चा ‘ड्युएट्स’ मात्र जुन्या व्हर्स नव्या पाहुण्यांच्या मध्ये बसवून केलेले होते. त्यातली काही गाणी चालली, पण ‘लाइफ आफ्टर डेथ’च्या पंक्तीत त्यांना कुणी बसवत नाही.

पुढच्या पिढीत हे चक्र फार वेगानं फिरलं. लिल पीप २०१७ मध्ये गेला. पुढच्या वर्षी ‘फॉलिंग डाउन’ या गाण्यात त्याचा आवाज एक्सएक्सएक्सटेंटासिऑन या दुसऱ्या दिवंगत रॅपरच्या आवाजाशी जोडला गेला. हयातीत पीपनं त्याच्यासोबत काम करायला नकार दिला होता, असं पीपच्या जवळच्या सहकाऱ्यानं जाहीरपणे सांगितलं. तरी गाणं आलं आणि चाललंही. एका मेलेल्या माणसाचा नकार दुसऱ्या मेलेल्या माणसाच्या गाण्यात असा विरून गेला. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे.

पॉप स्मोक फेब्रुवारी २०२० मध्ये मारला गेला. ‘शूट फॉर द स्टार्स एम फॉर द मून’ जुलैत यायचा होता. व्हर्जिल ॲब्लो या नामांकित डिझायनरनं केलेलं मुखपृष्ठ जाहीर होताच चाहते खवळले, घाईनं उरकल्यासारखं वाटतं म्हणाले, सह्यांची मोहीम निघाली आणि मुखपृष्ठ बदललं गेलं. अल्बमला अफाट यश मिळालं. पण २०२१ चा ‘फेथ’ आला तेव्हा सूर उलटला: इतके पाहुणे की पॉप स्मोक आपल्याच घरात पाहुणा झाला, अशी टीका झाली. विक्रीच्या यादीत मात्र तोही पहिल्या क्रमांकावर गेला. म्हणजे नापसंती आणि खप एकाच आठवड्यात, एकाच माणसांकडून. हा विरोधाभास ध्यानात ठेवायला हवा, कारण कंपन्या त्यातला फक्त दुसरा आकडा वाचतात.

मॅक मिलरचा ‘सर्कल्स’ (२०२०) हे उलट टोक. मिलर सप्टेंबर २०१८ मध्ये गेला. जॉन ब्रायन या निर्मात्यासोबत त्याचं काम निम्म्याहून पुढे गेलेलं होतं आणि बेत दोघांत बोललेला होता. ब्रायननं तो पुरा केला, कुटुंबानं मोजक्या शब्दांत जाहीर केला, पाहुण्यांची गर्दी टाळली. मरणोत्तर अल्बम असावा तर असा, असं आजही म्हटलं जातं. त्याच कुटुंबानं २०२५ मध्ये ‘बलूनरिझम’ काढला तेव्हा एक कारण असं दिलं की त्याच्या चोरट्या प्रती फिरतच आहेत, तर निदान अधिकृत रूप लोकांसमोर असावं. ज्यूस वर्ल्डच्या बाबतीतही हेच झालं. तो डिसेंबर २०१९ मध्ये गेला तेव्हा मागे गाण्यांचा डोंगर होता आणि चाहत्यांकडे त्यातली कित्येक आधीच पोचली होती. अधिकृत अल्बम आला की ते ताडून बघत: मूळ डेमोत ही ओळ होती, ती इथे कापली आहे.

मुंबई, मार्च २०२२

मराठीत मरणोत्तर रॅप अल्बमचं गाजलेलं उदाहरण नाही. मराठी रॅप अजून तरुण आहे. अमरावतीचा १०० आरबीएच वऱ्हाडीत रॅप करतो, राज मुंगासेसारख्यावर २०२३ मध्ये राजकीय गाण्यासाठी गुन्हा दाखल होतो, धारावी-अंधेरीची पोरं २०१९ च्या ‘गली बॉय’नंतर घराघरात पोचतात, एवढाच आपला इतिहास. म्हणून सर्वांत जवळचं उदाहरण गुजरातीत रॅप करणाऱ्या एका मुंबईकराचं घ्यावं लागतं.

धर्मेश परमार, म्हणजे एमसी तोडफोड, ‘स्वदेसी’ या मुंबईतल्या गटाचा. या गटात मराठी, हिंदी, गुजराती असं सगळं चालतं. आरे जंगलातल्या आदिवासींच्या लढ्यावर प्रकाश भोईर यांच्यासोबत त्यांनी २०१९ मध्ये केलेलं ‘द वारली रिव्होल्ट’ अनेकांना आठवत असेल. विवेक राजगोपालन यांच्याकडून कर्नाटक संगीतातले कोन्नकोलचे बोल शिकून ते रॅपमध्ये आणण्याचा प्रयोगही त्यांनी केला. ‘गली बॉय’मधल्या ‘इंडिया ९१’मध्ये परमारचा आवाज आहे तो त्याच वाटेनं आला. २० मार्च २०२२ रोजी तो गेला, वयाच्या चोविसाव्या वर्षी. त्याचा पहिला एकल अल्बम ‘ट्रुथ अँड बेस’ त्याच्या मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आला होता.

म्हणजे काटेकोर व्याख्येनं हा मरणोत्तर अल्बम नाही. पण बहुतेकांनी तो ऐकला मृत्यूची बातमी कळल्यावर. सुरुवात म्हणून केलेलं काम शेवट म्हणून ऐकलं गेलं. या वादात सहसा न बोलली जाणारी बाजू इथे दिसते: मरणोत्तरपणा केवळ प्रकाशनाच्या तारखेवर ठरत नाही, ऐकणाऱ्याच्या कानातही तो तयार होतो. पदार्पणाच्या अल्बमला आपण जे प्रश्न विचारतो (हे जमलंय का, पुढे काय करेल, कुठे कच्चं आहे) ते विचारणं अशा वेळी उद्धटपणाचं वाटू लागतं. समीक्षा थांबते, श्रद्धांजली सुरू होते. परमारच्या कामाचं गुजराती रॅप म्हणून नीट मूल्यमापन व्हायला हवं होतं. ते या वातावरणात मागे राहिलं, असं माझं मत आहे.

मूसेवाला आणि वडिलांचा शब्द

मूसेवालाच्या बाबतीत जुनी गाणी नव्यानं ऐकली गेली आणि नवीही आली, दोन्ही फार मोठ्या प्रमाणावर. ‘द लास्ट राइड’ हे टुपाकच्या हत्येची आठवण जागवणारं गाणं त्याच्या खुनाआधी दोन आठवडे आलं होतं. २०२१ मधल्या ‘२९५’ या गाण्याचा आकडा चाहत्यांनी २९ मे या तारखेशी जोडला आणि ते गाणं मृत्यूनंतर बिलबोर्डच्या जागतिक यादीत गेलं. जुनी गाणी अशी भविष्यवाणी होऊन बसली.

नव्यांची गोष्ट वेगळी. खुनानंतर काही दिवसांतच कुटुंबानं निर्मात्यांना जाहीर विनंती केली: सिद्धूची पूर्ण-अपूर्ण जी गाणी तुमच्याकडे असतील ती परस्पर काढू नका, वडिलांच्या हवाली करा. २३ जूनला ‘एसवायएल’ आलं. सतलज–यमुना जोड कालव्याच्या पाण्यावरचं हे गाणं तीन दिवसांत कोट्यवधींनी पाहिलं आणि सरकारच्या तक्रारीवरून ते भारतात यूट्यूबवरून हटवलं गेलं. पंजाब–हरियाणाचा पाण्याचा तंटा इंदापूरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. २०२१ मध्ये उजनीच्या पाच टीएमसी पाण्यावरून इंदापूर आणि सोलापूर समोरासमोर आले होते. इंदापूरला पाणी देण्याचा निर्णय शासनाला फिरवावा लागला होता. एवढं तापलेलं गाणं जिवंत माणसानं काढलं असतं तर पुढच्या प्रश्नांना त्यानं उत्तरं दिली असती, एखादी ओळ मागेही घेतली असती. मेलेला माणूस खुलासा करू शकत नाही. राजकीय रॅपच्या मरणोत्तर प्रकाशनातली ही अडचण प्रेमगीतांत येत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘वार’ आलं, २०२३ मध्ये नायजेरियन गायक बर्ना बॉयसोबत ‘मेरा नां’ आणि अंधेरीच्या डिव्हाइन या रॅपरसोबत ‘चोरनी’. पुढे ‘४१०’, ‘डिलेमा’, ‘लॉक’, आणि जून २०२५ मध्ये वाढदिवशी तीन गाण्यांचा ‘मूस प्रिंट’. दरम्यान संगीतकार सलीम मर्चंट यांनी त्याच्यासोबत ध्वनिमुद्रित केलेलं ‘जांदी वार’ हे गाणं सप्टेंबर २०२२ मध्ये काढणार असं जाहीर केलं, तेव्हा आई-वडील मानसाच्या न्यायालयात गेले आणि स्थगिती मिळाली.

इथे अमेरिकेपेक्षा वेगळं काही घडतंय. तिथे चाहते कंपनीशी भांडतात. इथे चाहत्यांच्या नजरेत गाण्याची मुख्य कसोटी ही झाली की ते ‘बापूंनी’ काढलंय की नाही. वडील बलकौर सिंग यांच्या संमतीनं आलेलं गाणं अस्सल, बाकी परकं. आपल्याकडे मुलाचं अपुरं कार्य बापानं किंवा बापाचं मुलानं पुरं करणं हा धर्मच मानला जातो, त्यामुळे ही कसोटी कुणाला खटकत नाही. पण ती कलेची कसोटी नाही, नात्याची आहे. वडिलांना मुलाची तळमळ माहीत असते. कोणत्या मिक्सवर मुलगा समाधानी होता आणि कोणता त्यानं बाजूला टाकला होता, हे मात्र बहुधा स्टुडिओतल्या मित्रालाच माहीत असतं.

श्रोत्यांच्या भूमिका

या साऱ्यातून ज्या भूमिका पुढे येतात त्यांपैकी पहिली सरळ आहे: जे आहे ते लोकांसमोर येऊ द्या. गाणं ऐकण्यासाठी असतं. कुटुंबाला उत्पन्न मिळतं, आणि गरिबीतून वर आलेल्या रॅपरच्या मागे हे उत्पन्न म्हणजे कधी कधी घरातली एकमेव मिळकत असते. शिवाय न काढून उपयोग काय? लीक होतातच. भिगवणच्या बाजारात मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणायचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे सांगायला नको. वीस-पन्नास रुपयांत शेकडो गाणी यायची. कोणतं अधिकृत, कोणतं अर्धवट, हे ना दुकानदाराला माहीत असायचं ना आपल्याला. कुलूप लावल्यानं गाणं थांबत नाही, फक्त त्याचं खराब रूप पसरतं.

दुसरी भूमिका नेमकी उलट. कलावंतानं जे बाहेर काढलं नाही ते न काढणं हाही त्याचा निर्णय होता. अमेरिकन रॅपर-गायक अँडरसन पाकनं २०२१ मध्ये हातावर गोंदवूनच घेतलं की आपल्या मागे आपल्या नावानं काही काढू नये, ते सगळे डेमो आहेत. या बाजूचे लोक म्हणतात, शांतता म्हणजे संमती नव्हे. अडचण अशी की पाकसारखं लिहून ठेवणारे विरळा. बाकीच्यांच्या शांततेचा अर्थ काढायचा कुणी? पंचविशीतल्या मुलानं गाणं मागे ठेवलं ते नापसंत होतं म्हणून, की पुढच्या वर्षीच्या अल्बमसाठी राखून ठेवलं म्हणून? हार्डडिस्क पाहून ते कळत नाही.

बहुसंख्य चाहते, माझ्या अंदाजानं, या दोहोंच्या मध्ये आहेत. गाणं काढा, पण हात लावू नका. आणि लावलात तर सांगा कुठे लावला. ‘सर्कल्स’ला मिळालेलं प्रेम आणि ‘फेथ’वरची टीका याच अपेक्षेतून आली. ही भूमिका समंजस वाटते, पण व्यवहारात ती निसरडी आहे. डेमो जसाच्या तसा काढला तर कच्चा वाटतो, आणि मग तेच चाहते म्हणतात की मिक्स नीट केला नाही. मिक्स करणं, मास्टर करणं, हुक जोडणं, दुसरी व्हर्स मागवणं यांतली कोणती पायरी म्हणजे ‘हात लावणं’? प्रत्येक अल्बमच्या वेळी ही रेघ नव्यानं आखली जाते.

आणखी एक छोटा पण जुना गट आहे. तो सगळं जमवतो: डेमो, लीक, वेगवेगळे मिक्स, मैफलीतलं ध्वनिमुद्रण. त्याला अल्बमपेक्षा अभ्यास हवा असतो. आपल्याकडे शास्त्रीय संगीताचे टेप-संग्राहक अगदी असेच. गायिका केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाबाबत किती कडक होत्या हे सर्वश्रुत आहे. तरी १९७७ मध्ये त्या गेल्यावर त्यांच्या मैफलींच्या टेपा रसिकांत हातोहात फिरल्या. बाईंचा नकार मोडला गेला हे खरं, आणि पुढच्या पिढीनं बाईंना ऐकलं ते त्यामुळेच, हेही खरं.

गाथेपासूनचा वाद

हा प्रश्न आपल्याला परका वाटायचं कारण नाही. तुकोबांची पालखी दर आषाढीला बारामतीहून आमच्याच तालुक्यातून जाते. बेलवाडीला रिंगण होतं, निमगाव केतकी, इंदापूर करत ती सराटीला नीरेकाठी पोचते. त्या वाटेवर जे अभंग म्हटले जातात त्यांतले सगळे तुकोबांचेच का, यावर अभ्यासकांची पिढ्यान्‌पिढ्या चर्चा आहे. नाममुद्रा घातली की कुणाचीही रचना तुकोबांची होऊ शकत होती. एकोणिसाव्या शतकात इंदुप्रकाशनं गाथा छापली तेव्हा संपादकांना हस्तलिखितं लावून बघावी लागली. वारकऱ्याला मात्र पाठभेदानं फरक पडला नाही.

त्याआधी एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत नकलाकारांनी आणि भक्तांनी भर घातली होती. नाथांनी ती उपसली आणि यापुढे यात कुणी आपली ओवी घालू नये असा कडक इशारा दिला. ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्या चाहत्यांचे पूर्वज म्हणून नाथांकडे बोट दाखवता येईल. पण तुलना एका मर्यादेपर्यंतच टिकते. ज्ञानदेवांनी ग्रंथ पुरा केला होता. नाथांकडे परत जायला एक मूळ होतं. हार्डडिस्कवरच्या व्हर्सला असं मूळ रूपच नसतं. ती कधी गाणं झालेलीच नव्हती.

कायदा कुठवर येतो

भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या शब्दांना आणि संगीताला प्रकाशनापासून साठ वर्षं संरक्षण मिळतं. २०१२ च्या दुरुस्तीनं तीन गोष्टी बदलल्या. गीतकार-संगीतकाराचा स्वामित्वशुल्कातला वाटा वारस किंवा प्रताधिकार संस्था सोडून कुणाला देऊन टाकता येत नाही. कृतीची विटंबना झाली तर प्रताधिकाराची मुदत संपल्यानंतरही कलावंताचे वारस दाद मागू शकतात. आणि सादरकर्त्यालाही आपल्या सादरीकरणाच्या विकृतीविरुद्ध हक्क मिळाला. मात्र संपादनासाठी किंवा तांत्रिक कारणासाठी केलेली काटछाट त्यातून वगळली आहे. व्हर्सचा वेग बदलून ती नव्या बीटवर बसवणं हे तांत्रिक संपादन की विकृती, याचं उत्तर कलमात लिहिलेलं नाही.

ध्वनिमुद्रणाचा मालक ठरतो तो मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. मोठ्या कंपनीत हे कागदावर असतं. मित्राच्या खोलीत, मित्राच्या माइकवर, मित्राच्या बीटवर केलेल्या गाण्यात पुढाकार कुणाचा, हे दोघे हयात असताना कुणी लिहून ठेवत नाही. ‘जांदी वार’सारखे तंटे त्या मोकळ्या जागेत उभे राहतात.

यंत्राचा आवाज

हे सगळं निदान प्रत्यक्ष म्हटलेल्या ओळींबद्दल होतं. एप्रिल २०२४ मध्ये रॅपर ड्रेकनं एका गाण्यात यंत्रानं तयार केलेला टुपाकचा आवाज वापरला आणि टुपाकच्या वारसांच्या नोटिशीनंतर ते गाणं काढून घेतलं. २००४ मध्ये एमिनेमनं शब्द तोडून जोडले. वीस वर्षांनी शब्दांचीही गरज उरली नाही.

भारतात दोन वाटा दिसतात. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दिवंगत गायकांचे आवाज यंत्रानं पुन्हा उभे केले. कुटुंबांची परवानगी घेतली, मानधन दिलं आणि ते जाहीर सांगितलं. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या आवाजाची अशीच नक्कल ‘कीडा कोला’ या तेलुगू चित्रपटात झाली, आणि तिथे मुलाला कायदेशीर नोटीस द्यावी लागली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या अर्जावर आवाजाची यांत्रिक नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. पण अर्जदार हयात होता. मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये जयललितांच्या आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सुशांत सिंग राजपूतच्या प्रकरणात असं म्हटलं आहे की व्यक्तिमत्त्वाचे हक्क माणसाबरोबर संपतात, वारसांकडे जात नाहीत. म्हणजे ओळींचे वारस आहेत, पण त्या ज्या आवाजात म्हटल्या गेल्या त्या आवाजाला वारस नाही, अशी आजची स्थिती दिसते.

चाहत्यांनी जी कसोटी उभी केली आहे, घरच्यांची संमती, तिला कायदा अर्धाच आधार देतो. उरलेला अर्धा भाग सध्या संकेतावर चालतो: रहमान यांनी विचारलं, दुसऱ्यांनी विचारलं नाही. मराठी रॅपची पहिली पिढी आज विशी-तिशीत आहे आणि तिची व्हर्स, डेमो, फीचर असंच मित्रांच्या लॅपटॉपवर विखुरलेलं आहे. गाणं कुणाचं, अपुरं राहिलं तर कुणी पुरं करावं, आवाजाची नक्कल चालेल की नाही, एवढं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करायला वकीलही लागत नाही. गट फुटला तर काय, याचे करार काही ठिकाणी होऊ लागले आहेत. माणूस गेला तर काय, हे कलम त्यांत घालायला चोविशीतली पोरं लाजतात, आणि त्यांच्या आया तो विषय घरात काढू देत नाहीत.